चारशे ग्रॅमचा पाव

सरकारसाठी बाजारभाव टिपायचं माझं काम. दर महिन्याला तीच दुकानं, त्याच वस्तू, तेच वजन. या यादीत दादाची बेकरी आली तेव्हाच साहेबांना सांगायला हवं होतं की हा माझा सख्खा भाऊ. नाही सांगितलं, आणि आज सकाळपासून ती धास्ती घेऊन फिरत होते.

त्यात परदेशातल्या धाकट्या बहिणीचा फोन. "तेल उतरलं की आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पंपावर दिसतं. पावही स्वस्त झाला! तुमच्याकडे गं?" आमच्याकडे तेल चढलं तेव्हा सगळंच चढलं, आणि उतरलं तेव्हा सरकारने कर वाढवून ते वरच्यावर झेललं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं नि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. इथली मुंगी निघायलाच तयार नव्हती.

दादाचा भाव मात्र वर्षभर तोच. गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा, "भट्टी डिझेलवर चालते, तरी कवडीनेही वाढवला नाही!"

मी पाव काट्यावर ठेवला. वेष्टनावर चारशे ग्रॅम छापलेलं, काटा तीनशे चाळीसवर थांबला. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. तेवढेच.

"छापलंय ते लिही," दादा भट्टीकडे बघतच म्हणाला.

"हा फॉर्म साहेबांकडे जातो, दादा. काटामारी म्हणतात याला."

"मग काय करू? घोड्याने गवताशी दोस्ती केली तर खाईल काय?"

"याच आकड्यांवर आईची पेन्शन वाढते. तू चारशे म्हणालास की सरकार म्हणणार, महागाई नाहीच."

"एका पावाने?"

"सगळे दुकानदार हेच म्हणतात."

मला संताप आला होता, आणि त्याला दंड होईल म्हणून रडूही येत होतं. पेन नुसतं हातात फिरवत राहिले.

"आईला कळलंय," तो एकदम म्हणाला. "हातात घेतल्या घेतल्या म्हणाली, हलका लागतोय रे. मी म्हटलं, पीठ वेगळं आहे."

"मग?"

"तेव्हापासून रोज दोन नेते. पैसे नको म्हटलं तर म्हणाली, ठेव, सध्या तुझी ओढाताण दिसतेय."

मी तीनशे चाळीस लिहिलं. दादाने बघितलं, अडवलं नाही.