वाट्याचा मासा

सुसानाने प्रवासाच्या सामानाच्या निळ्या पिंपातून त्याच्या चपला काढल्या आणि दाराशी ठेवल्या. मी उठले, त्या उचलल्या आणि परत पिंपात घातल्या, पिठाच्या पिशवीशेजारी.

"झाकण बसत नाहीये, तेलेसिया."

"दाबून बसव."

"मी अख्खी वर बसले तरी बसायचं नाही. आणि मी काही नाजूक बाई नाही."

सुसाना माझी मावसबहीण. इथे पोरिरुआ शहरात तिचं घर माझ्या मागच्या कुंपणाला लागून आहे. माझा नवरा फालानिको गेल्यापासून ती रोज येते, माझी भांडी घासते आणि चुलीवरचं दूध कधी उतू जातंय ते बघावं तशी माझ्याकडे बघत बसते. दूध काही उतू जात नाही. दफनाच्या वेळी मी रडले नाही, नंतरही नाही. आत काही हलतच नाही, त्याला मी काय करू?

नुकुनोनूला, आमच्या बेटावर, परत जायचं हे खूळ त्याचं. माझं नव्हे. मी म्हणायची, "तिथे आहे काय? डास, प्रार्थना आणि तुझ्या बहिणीची जीभ." तो हसायचा आणि पुढची तयारी करायचा. गावच्या वडीलधाऱ्यांची परवानगी त्याने मिळवली. आपियापर्यंत विमान, तिथून जहाज. ते कधी सुटेल ते त्या जहाजालाच ठाऊक. मेहुण्यासाठी गळ घेतले, बहिणीसाठी वाचायचा चष्मा, आणि स्वतःसाठी या चपला, कारण जुन्या घालून उतरलो तर गाव काय म्हणेल. सगळी तयारी झाली आणि एका सकाळी ओतलेला चहा तसाच ठेवून गेला. मी तिकीट रद्द केलं नाही. त्याचंही नाही, माझंही नाही. कुणी विचारलं की म्हणायची, बघू.

जन्मभर त्याने इस्पितळाच्या धुलाईघरात लोकांच्या चादरी धुतल्या. शनिवारी बाजारातून चांगला मासा आणायचा, मी चांगला शिजवायची आणि तो तोंड वाकडं करून खायचा.

"काय कमी पडलं आता? मीठ?"

"मीठ ठीक आहे. पण हा विकतचा आहे गं. मला वाट्याचा मासा खायचाय."

आमच्याकडे गावाच्या होड्या परत आल्या की सगळा मासा किनाऱ्यावर पसरतात आणि घरात माणसं किती त्यावर वाटे घालतात. कालचं जन्मलेलं पोर असो नाहीतर अंथरुणाला खिळलेला म्हातारा, डोकं मोजलं की वाटा आला. फालानिकोला एकदा परत त्यात मोजलं जायचं होतं. बाकी त्याचं काही मागणं नव्हतं.

तो बेट सोडून निघाला तेव्हाची एक गोष्ट तो नेहमी सांगायचा. त्याचं जहाज गेलं आणि पुढच्याच वाटणीला त्याच्या बापाने सवयीने जुनाच आकडा सांगितला. मासे घरी आले, आईने वाढले आणि एक उरला. कुणी हात लावेना. शेवटी म्हाताऱ्याने तो पानात गुंडाळला आणि भर गावातून चालत जाऊन परत देऊन आला. "आयुष्यात म्हातारा मोजण्यात एकदाच चुकला, तोही माझ्यामुळे," असं म्हणून फालानिको मोठ्याने हसायचा. मग उगीचच बाहेर अंगणात जाऊन उभा राहायचा.

सुसाना झाकणाशी झटत होती तेवढ्यात फोन वाजला. लुईसा. त्याची बहीण, पण त्याच्याआधी माझी वर्गमैत्रीण.

"ऐकू येतंय का गं?"

"तुझा कोंबडा ऐकू येतोय. आधी त्याला हाकल."

"त्याला नाही, तुला हाकलायला हवं. किती दिवस फोन नाही." मग तिचा आवाज उतरला. "जहाजाचं नक्की झालंय. तुम्ही... तू उतरशील त्याच दिवशी होड्या जाणार आहेत. मोजणीवाला आलाय. आपल्या घराचा आकडा मागतोय. किती वाढवायचे, म्हणतो."

"मग सांग की."

"तू सांग."

"तुझ्या घराचा आकडा मी इथून सांगू? तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. तोंडातून निघत नाही. माझा भाऊ होता, तेलेसिया."

"माझा नवरा होता."

"म्हणून तर तुला विचारतेय. तो बिचारा पायरीवर बसलाय कधीचा. शहाळं दिलं, ते पिऊन झालं. दुसरं दिलं." मग ती हळूच म्हणाली, "दोन सांगू का? कुणी एका शब्दाने बोलणार नाही. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

खरंच कुणी बोललं नसतं. मला लुईसाचं स्वयंपाकघर दिसलं, सगळ्यांची ताटं दिसली आणि मधे तो उरलेला मासा. या खेपेला तो पानात गुंडाळून परत न्यायला म्हातारा नव्हता. गावातून मलाच जावं लागलं असतं.

"एक," मी म्हणाले.

"काय?"

"ऐकलंस ना. एक."

लुईसाने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मग लांबून तिचा आवाज, "एक वाढव रे. एकच." आणि पायरीवरून एका पुरुषाने तो आकडा मोठ्याने म्हणून घेतला, मोजणीवाले घेतात तसा, कुणाला ऐकण्यात चूक नको म्हणून.

"एक."

इथे दफनाला अर्धं पोरिरुआ लोटलं होतं. प्रार्थना झाल्या, गाणी झाली, माझ्या हातांनी मी माती टाकली. पण तो गेला हे मला कळलं ते त्या माणसाच्या आवाजातून. त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं.

"येतेस ना गं पण?" लुईसा परत फोनवर आली होती.

"येते. आकडा दिलाय आता."

मी फोन ठेवला. पिंपात हात घालून चपला काढल्या आणि दाराशी ठेवल्या, टाचा भिंतीकडे करून, तो ठेवायचा तशा. सुसानाने माझ्याकडे बघितलं. तिने झाकण उचललं, पिंपावर ठेवलं आणि फिरवलं.

"बसलं," ती म्हणाली.