वडाखालचा शेवटचा पेला

मी एक जुना माठ आहे, मित्रांनो. इरावती नदी समुद्राला मिळते तिथल्या ब्रह्मदेशातल्या एका खेड्यात, वडाखालच्या उंच ओट्यावर माझी जागा आहे.

त्वांते या कुंभारांच्या गावी भट्टीत मला भाजलं आणि होडीतून इथं आणलं. वाटेवर पाणी भरून ठेवणं हे इथं पुण्याचं काम. दोन माठ, वर गवताचं छप्पर, झाकणावर उपडा पेला. येणाऱ्यानं प्यावं. कुणी कुणाला विचारायचं नाही.

न्वे यी आम्हा दोघा माठांना रोज सकाळी भरायची. तिचा नवरा फो न्यो कावडीनं तळ्यातलं गोडं पाणी आणायचा. वाटसरू म्हणायचे, "मावशी, तुझं पाणी गार गं." ती म्हणायची, "माझं कसलं? माठाचं." एकवीस वर्षं असं चाललं.

मग चक्रीवादळ आलं. समुद्र गावात शिरला. वाहत आलेल्या ओंडक्यानं माझा जोडीदार फोडला. मी ओट्यावरच वडाच्या मुळांत अडकून राहिलो. पाणी ओसरलं तेव्हा गावात एकोणीस माणसं उरली होती. तळं खारट झालं होतं आणि त्यात मेलेली गुरं तरंगत होती. गोडं पाणी फक्त माझ्यात होतं, वादळाच्या पावसाचं साठलेलं. न्वे यीनं आपल्या वाटणीचं लहान मुलांना दिलं आणि स्वतः तळ्याचं प्यायली. तिला हगवण लागली.

सान मौं मास्तरांचा रेडिओ तेवढा वाचला होता. ते म्हणाले, "समुद्रात परदेशी जहाजं उभी आहेत. डॉक्टर, औषधं, पाणी, सगळं आहे. आपलं सरकार येऊ देत नाही."

"मग न विचारता यावं की," फो न्यो म्हणाला.

"न विचारता म्हणजे बंदुका घेऊन, काका. इकडूनही बंदुका. मध्ये कोण?"

"मध्ये आपणच. आता तरी कुठं जगतोय, मास्तर?"

न्वे यी माझ्या ओट्याशी पडून होती. ती म्हणाली, "मी कधी कुणाच्या तोंडात बळंच पाणी ओतलं का?"

"तू गप पड. इथं तहानलेला नको म्हणत नाहीये. नको म्हणणारा पोटभर पिऊन बसलाय."

तिसऱ्या दिवशी होडीतून दोन सैनिक आले. परदेशी लोकांकडून काही घ्यायचं नाही, असा हुकूम त्यांनी सांगितला.

"मग तुमची मदत कधी येणार?" मास्तरांनी विचारलं.

"येईल."

त्यातला धाकटा सैनिक माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ फुटले होते. माझ्या तळाशी एकच पेला पाणी होतं. फो न्योनं ते बायकोसाठी राखलं होतं. त्यानं झाकणावर हात दाबून धरला.

"अहो, हात काढा," न्वे यी म्हणाली. "कुणाला विचारायचं नाही, असं आहे ना आपलं?"

फो न्योनं हात काढला. सैनिक प्यायला. पेला उपडा ठेवून म्हणाला, "मावशी, बरं वाटलं." मग होडी गेली.

पाचव्या दिवशी सकाळी न्वे यी गेली. सहाव्या दिवशी पाऊस आला. जहाजं काही आठवडे थांबली आणि परत फिरली.

त्यांनी जबरदस्तीनं यायला हवं होतं का? फो न्यो कधी हो म्हणतो, कधी नाही. मी मातीचा, मला ते ठरवता येत नाही. एवढं मात्र मी पाहिलं, की न्वे यीला कुणी विचारलं नव्हतं.

फो न्यो मला अजून भरतो. कावड पेलत नाही, म्हणून अर्धाच भरतो. पेला दोनदा धुतो, ती धुवायची तसा.

मित्रांनो, वाटेवर भरलेला माठ दिसला तर प्या आणि पेला उपडा ठेवा. आणि एखादं दार कधी तुमच्या ताब्यात आलं, तर आतल्या तहानलेल्याला विचारल्याशिवाय बाहेरच्याला नको म्हणू नका.