उशिरा आलेलं घड्याळ

मी एक जुनं घड्याळ आहे, मित्रांनो, कबुतरांच्या शर्यतीचं. इंग्लंडातल्या डरहॅमच्या खाणवस्तीत माझा केवढा मान! कबुतर घरी परतलं की त्याच्या पायातलं रबरी कडं माझ्या पोटात टाकायचं, खटका दाबायचा, आणि मी आतल्या कागदी पट्टीवर वेळ उमटवायचो. संध्याकाळी क्लबात मला आधी मोठ्या घड्याळाशी ताडून पाहायचे, मगच शर्यतीआधी लावलेलं सील फोडायचे. घरी कुणी सील फोडलं तर तो माणूस क्लबातून कायमचा बाद.

माझा मालक विल्फ रेन, खाणकामगार. एका शनिवारी त्याची निळी मादी फार उशिरा परतली. "या महाराणी! वाटेत चहाला थांबला होतात वाटतं?" असं म्हणत त्याने तिचं कडं माझ्यात टाकलं. नेमक्या त्याच वेळी गावात दरोडा पडला आणि पोस्टमास्तर जिवानिशी गेला. पळणारा माणूस विल्फसारखा दिसत होता, असं कुणीसं सांगितलं. झालं! पोलिसांनी विल्फला उचललं.

विल्फ तेव्हा घरीच होता हे दाखवायला त्याची बायको एडना त्याच संध्याकाळी मला छातीशी धरून क्लबात धावली. चिटणीस स्टॉब्स हा विल्फचा जिवलग, पण नियमाचा पक्का.

"शर्यत बंद झाली गं, एडना. उशिरा आलेलं घड्याळ आम्ही उघडत नाही."

बिचारीने मला तसंच परत आणून कपाटात ठेवलं. सील फोडायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. वकिलाने कबुतराची गोष्ट हसण्यावारी नेली. विल्फला जन्मठेप झाली आणि मी कपाटात बंद पडलो.

बऱ्याच वर्षांनी एक नवी वकीलबाई आली. तिने स्टॉब्सलाच माझं सील फोडायला लावलं. पट्टीवर वेळ होती, खुनाचीच.

अपिलासाठी मला लंडनला नेलं. हा पुरावा तेव्हाच का आणला नाही, असं न्यायाधीशांनी विचारलं. स्टॉब्सने रडत रडत सगळं सांगितलं आणि ते त्यांना पटलंही. मला वाटलं, सुटला माझा विल्फ!

मग तिघांपैकी मधले न्यायाधीश म्हणाले, "घड्याळ खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवशी ते पुढे होतं की मागे, हे आज कोण सांगणार?"

स्टॉब्सची मान खाली गेली. ते सांगणारं मोठं घड्याळ त्या संध्याकाळी त्याच्याच टेबलावर होतं. अहो, मी अगदी बरोबर चालत होतो! पण मला कुठे तोंड आहे? अपील फेटाळलं. विल्फ तुरुंगातच वारला.

आता मी एडनाच्या स्वयंपाकघरात असतो. शनिवारी स्टॉब्स येतो, मला किल्ली देतो, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहतो. "बरोबर चालतंय गं," म्हणतो.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असं माझं मागणं नाही. पण कुणी धापा टाकत तुमच्या दारी आलं, तर उशीर झाला म्हणून त्याला परत पाठवू नका. तेव्हाच उघडून बघा.