नबीचाचांच्या आवारातल्या मोटारी

भर उन्हाळ्यात गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर नबीचाचा बोटाचं पेर वाजवत, आणि त्या क्षीण नादाला कान देताना त्यांच्या मिटल्या पापण्यांवर निंबाच्या सावलीतले कवडसे हलत राहत. खाजगी बसगाड्यांचे परवाने सरकारने बंद केले, तेव्हापासून या म्हाताऱ्या मिस्त्रीचं स्वतःचं आवार मुक्या झालेल्या गाड्यांनी भरत गेलं. परवाना मिळाला की नेतो, असं सांगून मालक गेले, ते गेलेच. चाचा मात्र रोज काचा पुसत. पऱ्हाटीच्या वाळल्या पानांसारखा रंग गळत चालला, तरी पुसत.

गवत माजतं, साप निघतात, म्हणून गावच्या म्युनिसिपल कमेटीने आवार रिकामं करण्याची नोटीस धाडली. माझी सरकीची वखार शेजारीच. शून्यातून धंदा उभारलेला मी माणूस. दुसऱ्याच्या जागेवर हुकूम सोडणारे हे कोण, या संतापाने कमेटीच्या साहेबासमोर बसलो, आवाज चढवला, उतरवला, आणि घासाघीस करून कबूल करून घेतलं : पोळ्यापर्यंत जी गाडी स्वतःच्या इंजिनावर चालेल, ती राहील.

एकीचं काढून दुसरीला लावलं असतं, तर काही नक्की वाचल्या असत्या.

"चाचा, त्या निळीचा पंप काढून हिले लावा नं."

"अन् निळीचा मालक आला तं?"

"कोनी येत नाही आता. तुमाले समजत काहून नाही?"

"तो ठेवून गेला, भाऊ. देऊन नाही गेला."

जिंकलेला सौदा या माणसाने पान्यासारखा खाली ठेवला, तो सल माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पोळा सरला. एकही गाडी सुरू झाली नाही. शिंगांचा रंगही न उतरलेल्या बैलजोड्यांनी गाड्या भंगारात ओढून नेल्या. प्रत्येकीमागे चाचा वळणापर्यंत चालत गेले, मय्यतीमागे चालावं तसे. आणि त्याच हिवाळ्यात, फारसं कुणाला न कळता, विझून गेले.

पुढच्या वर्षी मारेगावकडचा एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ वखारीच्या दारात आला. "मिस्त्रीनं माही निळी गाडी कुठं ठेवली, भाऊ?"

ज्याची वाट पाहणं मी वेडेपणा मानलं, तो समोर उन्हात उभा होता, आणि वाट पाहणारा नव्हता. कुणाचं येणं आणि कुणाचं नसणं यांच्यामध्ये काळ थोडीशी मोकळी जागा सोडतो. आठवणीला मग जन्मभर तिथेच उभं राहावं लागतं.