टोपणनाव 'ढलपी'

आउलिसने भिंग आराखड्यातल्या जिन्याच्या कठड्यावर धरलं. कोपऱ्यापाशी थांबायला हवी होती ती रेघ केसभर पुढे गेली होती. अशी रेघ मेर्वीच ओढायची.

बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात, लाल विटांच्या इमारतींमध्ये, लाकडी कलासंग्रहालय उभं राहायचं होतं. स्पर्धा निनावी होती. आराखड्यावर टोपणनाव, खरं नाव बंद लिफाफ्यात. 'ढलपी' नावाचा हा आराखडा सगळ्यांत देखणा होता, आणि त्यामुळेच आउलिसचा संशय बळावला. अकरा वर्षांपूर्वी मेर्वी त्याचं वास्तुरचनेचं ऑफिस सोडून गेली, ती "काम माझं आणि सही तुझी" असं सगळ्यांदेखत सुनावून. ते खरं होतं का, हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. इथे ती जिंकली, तर लोक म्हणणार, पोरगी खरं बोलत होती.

"त्या कागदाने काय घोडं मारलंय तुझं?" हिल्काने विचारलं. याच गिरणीत चाळीस वर्षं माग चालवलेली हिल्का त्याच्यासारखीच पाच परीक्षकांपैकी एक होती.

"जिना उघडा आहे. आग लागली तर?"

"त्या दुसऱ्या आराखड्याचा, 'दुपारची पाळी'चा, जिनाही उघडाच आहे की. तिथे बरा गप्प बसतोस."

"त्यात बाहेर पडायला दुसरी वाट आहे. तुम्हीच बघा ना."

वाट होती खरी. 'दुपारची पाळी' ओबडधोबड होती, जाड ओंडके एकावर एक रचल्यासारखी. सुरुवातीला आउलिसला ती मुळीच आवडली नव्हती. आता तो तिच्यासाठी तासभर भांडला, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी ती जिंकली.

अध्यक्ष तोर्स्तीने आधी 'ढलपी'चा लिफाफा फोडला. आत दोन विद्यार्थ्यांची नावं निघाली. सोबत चिठ्ठी होती.

"'रेघ ओढायला आम्ही आउलिस यांच्या पुस्तकातून शिकलो,'" तोर्स्तीने वाचलं. "बघ, तुझेच चेले."

आउलिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरांचं काहीच चुकलं नव्हतं.

मग तोर्स्तीने दुसरा लिफाफा उघडला आणि मेर्वीचं नाव वाचलं. आउलिसने 'दुपारची पाळी' पुढे ओढून तिचं एकेक पान पाहिलं. त्याने शिकवलेलं तिथे काहीच उरलं नव्हतं.

"विजेत्याला फोन परीक्षकांमधल्या वास्तुविशारदाने करायचा, अशी आपली रीत आहे," तोर्स्ती म्हणाला. "हा घे नंबर."

"नको," आउलिस म्हणाला. "पाठ आहे मला."