पडद्यावरचा जावई

मालिका लिहिणाऱ्या बाईच्या पत्राला मोय वाह-सेंग यांनी उत्तर दिलंच नव्हतं. चायनाटाउनमध्ये भर रस्त्यात त्यांच्या बायकोला, गम-फॉनला, एका अनोळखी गोऱ्या माणसानं ढकलून पाडलं होतं. त्यावर गुन्हेमालिकेचा एक भाग करायचा होता, त्यासाठी परवानगी हवी होती. फक्त शेवट बदलणार होते. हल्ल्यामागे घरचाच जावई निघतो. ‘तुमच्या पत्नीनं पोलिसांना काहीच सांगितलं नाही. त्या कुणाला तरी पाठीशी घालत असाव्यात,’ असं बाईंनी लिहिलं होतं.

मोय चिडले नाहीत. उलट त्यांना ते थोडं पटलं. जन्मभर ग्रंथालयात काम केलेला माणूस, लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा चटकन विश्वास बसे. खरंच, त्या दिवशी जावई, वेस्ली, होता कुठे?

रविवारी वेस्ली भाजलेलं बदक घेऊन आला.

“असं काय बघताय, बाबा? विकत आणलंय, चोरून नाही.”

“आई पडली त्या दिवशी तू कुठं होतास?”

बदक कापता कापता वेस्लीच्या हातातला सुरा थांबला. “आता माझी उलटतपासणी? टीव्ही कमी बघा जरा.”

“मी पडले नव्हते,” शेगडीपाशी उभी गम-फॉन कडाडली. “मला पाडलं!”

“मग तो काय बोलला असं पोलिसांनी विचारल्यावर ‘काही नाही’ का म्हणालीस? कुणाला वाचवत होतीस?”

“अहो, आपल्या चिनी नव्या वर्षाचा दुसरा दिवस होता! तेव्हा अभद्र बोललं की वर्षभर घराला लागतं, हे तुमच्याच आईनं शिकवलंय मला. पोलीस विचारतो म्हणून घरावर शिव्या ओढवून घेऊ?”



“आई, सणाचे ते दिवस कधीच सरले,” वेस्ली हळूच म्हणाला.

तिनं शेगडी बंद केली. “म्हणाला, रोगराई आणलीत तुम्ही लोकांनी, चालती हो तुझ्या देशात. मग धक्का दिला. आणि हसला.”

मोयना जावयाकडे बघवेना. वेस्लीनं बदकाची तंगडी आधी त्यांच्याच वाडग्यात वाढली.

जेवण झाल्यावर ते लिहायला बसले. ‘परवानगी नाही. तिला पाडलं ते ती चिनी दिसते म्हणून. त्या माणसाचे शब्द खाली देत आहे. तुमचं पत्र वाचून मीही जावयावर संशय घेतला, आणि मी तर त्याला इतकी वर्षं पाहतोय. मग मालिका बघणारे काय समजतील?’

खाली त्यांनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं, आणि ते नीट आत पडलं का, हे झाकण उघडून पुन्हा एकदा पाहिलं.