आंकरची होडी का वाळेना

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एरो बेटावर जेवढं खोटं बोललं जातं, त्यातलं निम्मं धक्क्यावरच्या याच बाकावर बोललं जातं, तेही कबूल. पण आंकर क्लाउसनच्या डुकरिणीची हकीकत मात्र शंभर टक्के खरी. मारेनबाई, तुमचं विणकाम चालू द्या, तेवढं मध्ये तोंड घालू नका.

तर हा आंकर. समुद्रावर वाऱ्याची दिशा नाकानं हुंगून सांगायचा, पण घरात स्वतःचे मोजे शोधायचे तर बायकोला हाक. बायको सिसेल. तिच्याकडे सफेत्याची एक पिशवी कायम भरलेली असे. भट्टीत जस्त जाळलं की पांढरा धूर उठतो. तो गार होऊन खाली बसतो, तीच ही भुकटी. वाण्याकडे पिठाच्या शेजारीच ठेवलेली असायची. सिसेल ती जवसाच्या तेलात घोटायची, की झाला रंग, खिडक्यांना आणि होडीला. मेंढीच्या चरबीत घोटायची, की झालं मलम, तान्ह्या पोरांच्या ढुंगणाला, गाईच्या चिरलेल्या सडांना आणि उन्हाळ्यात आंकरच्या नाकाला. पाय घामेजू नयेत म्हणून चिमूटभर कोरडीच बुटात. एकाच पिशवीत अख्खा संसार.

त्या जूनमध्ये आंकरची डुकरीण नुकतीच व्यालेली. अकरा पिलं. ती दिवसभर कुंपणाशी उन्हात पसरली आणि संध्याकाळी बघतात तो तिची गोरीपान कातडी लालभडक झालेली. पोट, सड, पाठ, कुठे हात लावू देईना. पिलू जवळ आलं की लाथ.

नेमकी तेव्हाच सिसेलला बहिणीच्या बाळंतपणाला पलीकडच्या बेटावर जायचं होतं. तिनं गोठ्याच्या खिडकीत दोन डबे ठेवले, एकात रंग, एकात मलम. बाहेर अंगणात उभी राहून तिनं बोट दाखवलं.

"नीट ऐक. डावीकडचा डबा होडीचा, उजवीकडचा डुकरिणीचा. दिवसातून दोनदा चोपड. पाजायला लागली तरच ती पिलं जगतील. ती गेली तर हिवाळ्यात भिंत चाटशील."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळ असतास तर कडेवर घेऊन गेले असते," म्हणाली आणि बोटीत जाऊन बसली.

आंकर गोठ्यात गेला. आतून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. डावीकडचा डबा होडीसाठी उचलला, उजवीकडचा डुकरिणीसाठी. बायकोचा शब्द अक्षरशः पाळला हो त्यानं! फक्त ती बाहेर उभी होती आणि हा आत.

होडीला सकाळी हात दिला. संध्याकाळी बोट लावून पाहिलं, तर बोट पांढरं. दुसऱ्या दिवशी तेच. शेजारचा स्वेनिंग रंगारी. त्याला बोलावून आणलं.

स्वेनिंगनं फळीला नाक लावलं. "याला मेंढ्यांचा वास येतोय."

"मेंढ्या गेल्या असतील इथून."

"होडीवरून गेल्या?"

"मला काय विचारतोस! रंगारी तू आहेस की मी?"

"तेल खारट हवेनं नासलंय तुझं," स्वेनिंग म्हणाला. त्याला काहीच कळलं नव्हतं हे त्याच्या मान हलवण्यावरून समजत होतं.

इकडे डुकरिणीची तऱ्हाच निराळी. मलम म्हणून जे चोपडलं ते पहिल्या दिवशी चिकचिकलं आणि दुसऱ्या दिवशी टणक झालं. ती श्वास घ्यायची तर जिना करकरल्यासारखा आवाज. आडवं होता येईना, मग पाजणार कशी? आंकर गाईचं दूध बाटलीत भरून एकेका पिलाच्या तोंडात घालत होता. अकराव्याचं पिऊन होईपर्यंत पहिलं पुन्हा कोकलायचं. शेवटचं, शेपटीला गाठ पडलेलं, ते तर बाटलीही तोंडात धरेना.

आंकरला वाटलं, औषध कमी पडलं. म्हणून त्यानं आणखी एक हात दिला. स्वतःचं नाक भाजलं होतं, त्यालाही लावलं. सकाळी उठला तर नाक कपाच्या कानासारखं कडक. शिंक आली, पण बाहेर पडायला वाट मिळेना. ती डोक्यातच दोनदा फिरली आणि टोपी उडाली.

गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तो विचार करू लागला. रंग वाळत नाही. मलम वाळतं. डुकरीण आजारी होती, आता लाकूड झाली. त्यानं दोन्ही डब्यांत डोकावून पाहिलं. दोन्ही पांढरे. मांडीवरच्या गाठवाल्या पिलाची धुगधुगी तेवढी उरली होती.

"सिसेल, अगं काय करू गं?" तो पिलालाच म्हणाला.

तेवढ्यात फाट्कन आवाज. डुकरिणीला अंगाची आग आणि खाज दोन्ही सहन न होऊन तिनं कुंपण तोडलं होतं. पळाली ती थेट किनाऱ्याकडे, मागे आंकर, काखेत पिलू. आणि होडीपाशी पोचल्यावर तिनं काय करावं? अंग घासायला लागली! या बाजूनं घासलं, त्या बाजूनं घासलं. अंगावरचे पापुद्रे अंड्याच्या कवचासारखे खाली पडले आणि होडीवरचं सगळं पांढरं तिच्या अंगाला लागलं. मग एक लांब सुस्कारा टाकून वाळूत आडवी झाली.

आंकरनं भीत भीत गाठवालं पिलू सडाशी धरलं. लाथ नाही. पिलानं एकदा चोखलं, थांबलं, पुन्हा चोखलं. उरलेल्या दहांना आणायला आंकर असा पळाला की बूट वाळूतच राहिले.

सिसेल परतली तेव्हा होडी उघडी, डुकरीण पांढरीफेक, अकराही पिलं सडाला आणि नवऱ्याचं नाक चिनीमातीचं.

"हे काय केलंस रे?"

"मलाही कळलं नाही," आंकर म्हणाला. "पण तुझं मलम कुचकामी आहे. डुकरिणीला रंगच मानवतो."

आणि त्या दिवसापासून, मंडळी, बेटावरच्या आया पोरांना लंगोट काढून त्या होडीला घासायला आणू लागल्या, इतकं ते मलम त्या फळ्यांत मुरलं होतं—

"पुरे करा आता," मारेनबाई सुया मांडीवर आपटून म्हणाल्या. "आंकरची डुकरीण माझ्या बापानं दिलेली. पिलू होती तेव्हा मीच पोत्यात घालून पोचवली होती. कोळशासारखी काळीकुट्ट होती ती! काळ्या डुकराची कातडी उन्हानं लाल झालेली कुणी पाहिलीय हो?"